एकाच छताखाली गर्जना आणि मौन

बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत सकाळी साडेदहाच्या सुमारास शटर वर जाऊ लागतात. आमच्या दुकानी येणारे पहिले गिऱ्हाईक बहुधा आवाजाच्याच शोधात असते. कोणाला मंडळासाठी स्पीकर हवे असतात, कोणाला शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी अ‍ॅम्प्लिफायर, तर कोणाला फक्त एक चांगला माइक. माल दाखवायचा म्हणजे वाजवून दाखवावा लागतो. गल्ली अरुंद, समोरच्या भिंतीवर आपटलेला आवाज क्षणार्धात परत आमच्याच पायरीवर येतो आणि गिऱ्हाईक खूश होऊन म्हणते, "वा, काय दणका आहे!" त्या दणक्यात समोरच्या भिंतीचाही वाटा असतो, हे आम्ही व्यापारी मंडळी सहसा सांगत नाही.

या गल्लीत माझी चाळीस वर्षे गेली. आवाज विकून घर चालले, मुलांची शिक्षणे झाली, आणि त्याच आवाजाने माझे कान हळूहळू घेतले. डॉक्टरांनी श्रवणचाचणीचा आलेख समोर ठेवला तेव्हा त्यातील रेषा उजवीकडे एखाद्या घाटासारखी खाली उतरलेली होती. उंच स्वर गेले होते. पाखरांची किलबिल, पेटीच्या वरच्या सप्तकातील धार, बोलताना 'स' आणि 'श' यांतील फरक, यांतले काही आता पुरते माझ्यापर्यंत पोहोचत नाही.

हा खाजगी तपशील सांगण्याचे कारण माझी नात. ती बॅडमिंटन खेळते आणि गाणेही शिकते. मुंबईला वरळीच्या डोममध्ये एका गायकाचा कार्यक्रम ऐकून ती परतली आणि जेवताना तिने विचारले, "दादाजी, पुण्यात एवढे गाणे आणि एवढे खेळ आहेत, मग दोन्हींसाठी एक मोठे, छप्पर असलेले ठिकाण आपल्याकडे का नाही?" प्रश्न साधा होता, पण उत्तर देताना माझी गाडी अडली. त्या अडण्यातूनच हा लेख लिहावासा वाटला.

पुण्याचे गाणे मुळात वाड्यांच्या चौकांत, देवळांच्या सभामंडपांत आणि कापडी मांडवांत वाढले. १९५३ साली पंडित भीमसेन जोशी यांनी आपले गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ सुरू केलेला महोत्सव अनेक वर्षे रमणबागेच्या मैदानावर, मांडवाखाली होत असे. आमच्या पेठेतून तिथे पायी जाता येई. डिसेंबरची थंडी, अंगावर शाल, थर्मासमधला चहा आणि पहाटेची भैरवी हे त्या महोत्सवाचे अविभाज्य अंग होते. आज हा महोत्सव मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या क्रीडा संकुलात भरतो. गाणे खेळाच्या मैदानावर आले आहे, पण छत अजूनही कापडाचेच आहे.

खेळाची कथा उलट्या दिशेने जाते. एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या लष्करी छावणीतील इंग्रज अधिकारी जो खेळ 'पूना' याच नावाने खेळत, तोच पुढे बॅडमिंटन म्हणून जगभर गेला. उघड्यावरचा हा खेळ वाऱ्याने हैराण झाला आणि घरात शिरला. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार फुलाचे वजन ४.७४ ते ५.५० ग्रॅम एवढेच असते. पानाची एक झुळूकही त्याला भरकटवते. १९५६ साली क्वालालंपूर येथे परदेशातील स्पर्धेचे विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू नंदू नाटेकर हे मूळचे सांगलीचे. त्यांनी २०२१ साली पुण्यातच अखेरचा श्वास घेतला. ज्या गावाने खेळाला पहिले नाव दिले, त्या गावात तो खेळ पाहायचा तर म्हाळुंगे-बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात जावे लागते. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेले हे संकुल खेळाडूंसाठी मोठी देणगीच आहे. पुणेरी पलटण कबड्डीच्या सामन्यांसाठी तिथे उतरते तीही बॅडमिंटनच्या सभागृहातच. थोडक्यात, पुण्यात गाणे मैदान उसने घेते आणि कबड्डी बॅडमिंटनची जागा उसनी घेते.

'कला' आणि 'क्रीडा' हे दोन्ही शब्द एकाच पाटीवर लिहिलेली वास्तू पुण्यात आहे, हेही नमूद करायला हवे. स्वारगेटला नेहरू स्टेडियमलगत महानगरपालिकेचा गणेश कला क्रीडा मंच आहे. पुणे फेस्टिव्हलचे कार्यक्रम तिथे होतात, समाजाचे मेळावेही होतात. कल्पना तिच्या काळाच्या पुढची होती, असे मला वाटते. पण एका पाटीवर दोन शब्द लिहिणे सोपे आणि एका छताखाली त्या दोघांना नांदवणे अवघड. ते किती अवघड असते, हे मी मुंबईत पाहिले.

वरळीला, नॅशनल स्पोर्ट्स क्लब ऑफ इंडियाच्या आवारात सरदार वल्लभभाई पटेल स्टेडियम आहे. १९५७ साली बांधलेली ही वास्तू देशातील पहिल्या काही बंदिस्त क्रीडागृहांपैकी एक. गोलाकार घुमट, मध्ये एकही खांब नाही, भोवती चढत जाणाऱ्या बैठका. पुढे नूतनीकरण झाल्यावर लोक तिला नुसते 'डोम' म्हणू लागले. २०१४ या एकाच वर्षात मी तिथे दोनदा गेलो.

पहिल्यांदा ३१ ऑगस्टला, पुतण्याच्या हट्टाखातर. प्रो कबड्डीच्या पहिल्याच हंगामाचा अंतिम सामना होता. यू मुंबा विरुद्ध जयपूर पिंक पँथर्स. जयपूरने तो ३५-२४ असा जिंकला. लहानपणी तालमीच्या मातीत पाहिलेली कबड्डी इथे मॅटवर, झगझगीत दिव्यांखाली होती. चढाई करणारा मध्यरेषा ओलांडून परतला की घुमटभर अशी गर्जना उठे की शेजारी बसलेल्या पुतण्याचे ओठ हलताना दिसत, शब्द मात्र येत नसत. ध्वनीचा व्यापारी म्हणून माझ्या मनात आले, या छताला आवाज गिळता येत नाही, तो फक्त परत फेकतो. आणि कबड्डीला तेच हवे होते. पाच हजारांचा आवाज दहा हजारांचा वाटला की घरच्या संघाला चेव येतो.

दुसऱ्यांदा गेलो १६ नोव्हेंबरला, या वेळी घरातील ज्येष्ठांना घेऊन. त्या दिवशी चोवीस वर्षांचे मुनी अजितचंद्रसागरजी यांचे अवधान होते. एकामागून एक माणसे येत. कोणी वस्तू दाखवी, कोणी गणित घाली, कोणी निरनिराळ्या भाषांतील शब्द वा वाक्य सांगे. अशा पाचशे गोष्टी तासन् तास ऐकून त्या क्रमाने परत सांगायच्या होत्या. काही आठवड्यांपूर्वी जिथे गर्जना होती तिथे त्या दिवशी हजारो माणसे श्वास रोखून बसली होती. एखादे मूल खोकले तरी ते सगळ्या घुमटाला कळत होते. मुनीश्री एकेक उत्तर देत गेले तसे माझ्या शेजारच्या वृद्ध गृहस्थांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. माझे लक्ष मात्र, प्रामाणिकपणे सांगतो, अर्धे छताकडे होते. गर्जनेला साथ देणारा हा घुमट मौनालाही साथ देऊ शकेल का, हा प्रश्न तिथे माझ्या डोक्यात शिरला. शांतता राखणे लोकांच्या हाती होते. बोललेला शब्द शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ पोहोचवणे मात्र सर्वस्वी वास्तूच्या हाती होते.

विजापूरचा गोलघुमट ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे सहज उमगेल. तिथल्या सज्जात एका बाजूने कुजबुजलेले दुसऱ्या बाजूला ऐकू येते आणि टाळीचे अनेक प्रतिध्वनी येतात. पर्यटक हरखून जातो. पण त्याच घुमटाखाली कोणी द्रुत तान घेतली तर एक स्वर विरायच्या आत पुढचे आठ त्यावर येऊन आदळतील आणि गाण्याचा काला होईल. आवाज बंद झाल्यावर तो विरून जायला किती वेळ लागतो, यावर सगळे अवलंबून असते. बोलण्यासाठी सुमारे एक सेकंद योग्य मानला जातो, आपल्या गायनवादनासाठी थोडा अधिक. आणि पत्र्याचे छत, सिमेंटच्या भिंती असलेल्या साध्या क्रीडागृहात तो चार-पाच सेकंदांवर सहज जातो.

हे मोजण्याचे शास्त्र फार जुने नाही. १८९५ साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात एक नवे व्याख्यानगृह उभे राहिले आणि त्यात प्राध्यापकांचे बोलणेच कळेना. वॉलेस सॅबिन या तरुण अध्यापकाकडे काम सोपवले गेले. तो रात्री, सारे सामसूम झाल्यावर, जवळच्या नाट्यगृहातील खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणी, त्या या खोलीत मांडी, ऑर्गनची एक नळी वाजवी आणि आवाज विरेपर्यंतचा वेळ घड्याळावर मोजी. पहाटेपूर्वी गाद्या परत जागेवर. मोकळ्या खोलीत आवाज साडेपाच सेकंदांच्या आसपास रेंगाळत होता. गाद्या वाढल्या तसा तो कमी होत गेला. त्या गाद्यांच्या हिशेबातून निघालेले सूत्र आजही प्रत्येक सभागृहाच्या आराखड्यात वापरले जाते. मला या कथेतील सर्वांत आवडणारी गोष्ट ही की, माणसाचे शरीरही गादीसारखेच आवाज शोषते. म्हणून रिकाम्या मांडवात केलेली ध्वनिचाचणी आणि भरलेल्या मांडवातील कार्यक्रम यांत एवढे अंतर पडते. आमच्या गल्लीतील ऑपरेटर मुलांना हे सूत्र ठाऊक नसते, अनुभव मात्र पुरेपूर असतो. "पब्लिक आली की आवाज बसतो," असे ती म्हणतात.

आधुनिक बहुउद्देशीय बंदिस्त संकुल बांधणाऱ्यापुढचा खरा पेच हाच. सामन्याच्या दिवशी भिंतींनी आवाज परत द्यावा, मैफलीच्या दिवशी तो गिळावा. त्यासाठी छताच्या आतून शोषक अस्तर लावतात, भिंतींवर जाड पडदे सोडता-गुंडाळता येतील अशी सोय करतात, आणि एका टोकाला दोन राक्षसी स्पीकर ठेवण्याऐवजी लहान स्पीकरांच्या माळा छतापासून ठिकठिकाणी टांगतात. उघड्यावर अंतर दुप्पट झाले की आवाज सहा डेसिबलने उतरतो. बंद जागेतही पहिल्या रांगेचे कान फोडल्याशिवाय शेवटच्या रांगेला ऐकू जावे यासाठी हाच मार्ग आहे. या माळा, दिवे आणि पडदे पेलण्यासाठी छताला सुरुवातीपासूनच कित्येक टनांचे वजन टांगण्याची ताकद द्यावी लागते. ती नंतर जोडता येत नाही. जुन्या सभागृहांत म्हणूनच जमिनीवरून लोखंडी मनोरे उभारावे लागतात आणि त्यांच्यामागे बसणाऱ्या प्रेक्षकांना अर्धा रंगमंच दिसत नाही.

हवेचे गणितही तितकेच नाजूक असते. शांत बसलेला माणूस साधारण शंभर वॅटच्या दिव्याइतकी उष्णता बाहेर टाकतो. पाच हजार प्रेक्षक म्हणजे पाच हजार बल्ब! ती उष्णता बाहेर काढायची तर थंड हवेचा मोठा झोत हवा. आणि तोच झोत बॅडमिंटनच्या फुलाला रेषेबाहेर नेतो. त्यामुळे गार हवा वरून मुसंडी मारत न येता बैठकांखालून सावकाश सोडण्याची योजना करतात. जमिनीचेही तसेच. खेळाडूच्या गुडघ्यांना लवचीक लाकडी तळ हवा, तर कार्यक्रमाचे सामान घेऊन ट्रक थेट आत यावा अशी आयोजकांची इच्छा. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेच्या एनबीए बास्केटबॉल संघांचे भारतातील पहिले सामने वरळीच्या याच डोममध्ये झाले, तेव्हा आत लाकडी फळ्यांचे अख्खे मैदान जोडले गेले. आणि २०२० साली त्याच जमिनीवर मुंबई महापालिकेने करोना रुग्णांसाठी शेकडो खाटा मांडल्या. खांब नसलेली, हवेशीर, मोठ्या दारांची जागा संकटात काय कामाला येते, हे तेव्हा शहराला कळले.

मोठ्या दारांवरून आमच्या पेठेची एक जुनी जखम आठवते. पेशव्यांचा बुधवार वाडा १८७९ साली आगीत गेला. विश्रामबाग वाड्यालाही त्याच काळी झळ पोहोचली. आजही आमच्या भागात लाकडी वाडे, कागदाची आणि विजेच्या तारांची दुकाने खेटून उभी आहेत. त्यामुळे कोणत्याही सभागृहात शिरल्यावर माझी नजर आधी बाहेर पडण्याच्या दारांकडे जाते. घरचे हसतात. जगभरच्या क्रीडागृहांसाठी प्रमाण मानल्या जाणाऱ्या ब्रिटिश मार्गदर्शिकेत, सर्व प्रेक्षक बैठकांतून बाहेरच्या मार्गावर येण्यास आठ मिनिटांहून अधिक वेळ लागू नये असा दंडक आहे. पुण्यात उद्या असे संकुल झाले तर त्याच्या झुंबरांपेक्षा मी त्याचे जिने आधी मोजीन.

आणि आता पेठेचा मूळ प्रश्न. ध्वनिप्रदूषणासंबंधीच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही; राज्य शासन वर्षातील मोजक्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते, तेही पंधरा दिवसांच्या आत. बंद सभागृहांतील वापर या बंदीतून वगळलेला आहे. नात म्हणाली, "म्हणजे छप्पर असले की पहाटेची भैरवी परत येईल!" येऊ शकेल. पण छप्पर घातले की शेजाऱ्यांची झोप आपोआप सुरक्षित होते, असे मात्र नाही. उंच स्वर भिंत अडवते, खर्ज अडवत नाही. ढोलाचा आणि बेसचा ठोका पातळ पत्र्यातून सरळ बाहेर पडतो. त्याला वजनदार छत आणि जाड भिंतच लागते. निवासी भागासाठी रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. काटकसरीने बांधलेले संकुल ती पाळू शकणार नाही आणि मग त्याच्या शेजारी राहणाऱ्या आजीबाईंची तीच गत होईल जी उत्सवाच्या दिवसांत आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांची होते.

आतल्यांच्या कानांचाही विचार कोणी तरी करायला हवा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली कार्यक्रमस्थळांसाठी सुचवलेल्या मानकात कोणत्याही पंधरा मिनिटांची सरासरी १०० डेसिबलवर जाऊ नये असे म्हटले आहे. कान विसावण्यासाठी शांत जागा आणि मागितल्यास कानात घालायचे बोळे मिळावेत, असेही त्यात आहे. ८५ डेसिबलचा आवाज कान आठ तास सोसतो. पुढे दर तीन डेसिबलला तो वेळ निम्मा होतो आणि शंभरला जेमतेम पाव तास उरतो. हे गणित मला पंचवीसाव्या वर्षी कोणी शिकवले असते तर काय झाले असते, हा विचार मी फार वेळ करत नाही. चातुर्मासात उपाश्रयात महाराजसाहेब ध्वनिक्षेपकाविना बोलतात. दगडी फरशी, लाकडी छत, दाटीने बसलेली माणसे. शेवटच्या रांगेपर्यंत शब्द जातो. आवाज विकणारा मी तिथे दरवर्षी मागे बसत असे. गेल्या वर्षीपासून पुढे बसतो.

तेव्हा नातीच्या प्रश्नाला माझे उत्तर असे. बुधवार पेठेत असे संकुल होणार नाही आणि होऊही नये. जिथे टेम्पो उलटा फिरवायला जागा नाही तिथे पाच हजार माणसे आणणे हे धाडस नसून बेफिकिरी ठरेल. आमचा गणपतीही रस्त्यावरच शोभतो, तो कोणी घुमटाखाली नेऊ नये. पण सप्टेंबर २०२४ पासून पेठेच्या पोटातून मेट्रो स्वारगेटपर्यंत धावते. कसबा पेठेच्या स्थानकावरून दुसरेच स्थानक. कला आणि क्रीडा या दोन शब्दांची जुनी पाटी तिथेच आहे. वीस हजारांच्या भव्य संकुलाची स्वप्ने रंगवण्याआधी तीन-चार हजारांची, कानाला आणि शेजाऱ्याला सांभाळणारी वास्तू मेट्रोच्या मार्गावर व्हावी, आणि वर्षातील ठरावीक दिवस शाळांच्या स्पर्धांना व नवोदित गायकांना परवडणाऱ्या भाड्यात मिळावेत. भाड्याचा मुद्दा मी मुद्दाम मांडतो. मोठी वास्तू चालवण्याचा खर्च मोठा असतो, तो भरून काढायला लग्ने आणि प्रदर्शने येतात, आणि पाहता पाहता ज्यांच्या नावाने ती बांधली ते खेळाडू व कलावंत तारखेसाठी रांगेत उभे राहतात. ही रांग टाळायची तर ते करारात पहिल्या दिवशीच लिहावे लागते. व्यापाऱ्याला एवढे कळते.

मागच्या रविवारी नातीला सरावाला सोडायला गेलो होतो. सभागृह अजून रिकामे होते. पत्र्याचे छत, गुळगुळीत भिंती, चार मैदानांच्या पांढऱ्या रेषा. मी तिला सॅबिनची गोष्ट सांगितली. तिने रॅकेट बाकावर ठेवली, मधल्या मैदानात जाऊन उभी राहिली आणि दोन्ही हात उंच करून एक सणसणीत टाळी वाजवली. मग आम्ही दोघेही बोटांवर सेकंद मोजत राहिलो.

"चार," ती म्हणाली. "तुमचे किती, दादाजी?"

माझी दोन बोटे मिटलेली होती.

ती काही बोलली नाही. माझ्याजवळ आली, श्रवणयंत्र उजव्या कानात नीट बसले आहे का ते पाहिले, परत मैदानाच्या मध्यावर गेली आणि तिने पुन्हा टाळी वाजवली.